चित्रं काढायला आलेल्या पाहुण्या

मैत्रिणींनो, भाकऱ्या झाल्या असतील, गोठ्यातलं आवरलं असेल, तर जरा टेका. आज आम्ही तुमच्याशी एका वेगळ्या जोडधंद्याबद्दल बोलणार आहोत. पापड, शेवया, मसाला, गोधड्या हे आपल्या बचत गटांना पाठ आहे. पण शहरातल्या सात-आठ बायका आपल्या गावात तीन दिवस राहायला येतात, सकाळ-संध्याकाळ झाडाखाली बसून चित्रं काढतात, आपल्या हातचं जेवतात आणि त्याचे पैसे मोजून देतात, हे कामही गटाला जमण्यासारखं आहे. आम्ही त्याला 'चित्रमुक्काम' म्हणतो.

आम्ही पन्हाळ्याच्या पायथ्याच्या एका गावातल्या दहा जणी. गेले तीन हिवाळे आम्ही असे मुक्काम घेतोय. आजूबाजूचे गट आम्हाला विचारतात, "कसं करायचं? काय लागतं? परवडतं का?" म्हणून आज सगळं एका जागी सांगतोय. कागद-पेन्सिल जवळ घ्या, कारण मध्येच हिशेबही आहे.

पहिला प्रश्न असा, की चित्र काढायला कुणी आपल्या भागात का यावं? तर बायांनो, आपल्या कोल्हापूरला जुने लोक कलापूर म्हणत आलेत, ते उगीच नाही. आबालाल रहिमान हे मोठे चित्रकार आपल्या कोल्हापूरचे. मुंबईच्या जे. जे. कला शाळेत शिकले आणि परत कोल्हापुरात आले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला. १९३१ साली ते वारले. या माणसानं चित्रं कशाची काढली? कोटितीर्थाची, रंकाळ्याची, आपल्याच पाण्याची आणि झाडांची. त्याच त्या तळ्याकाठी पुन्हा पुन्हा बसून काढली. सकाळचं पाणी वेगळं, संध्याकाळचं वेगळं, पावसाआधीचं वेगळं. त्यांच्यानंतर बाबूराव पेंटर, दत्तोबा दळवी, चंद्रकांत मांढरे, रवींद्र मेस्त्री अशी रांगच लागली. आजही दळवीज किंवा कलानिकेतनची पोरं पाठीला बोर्ड लावून पंचगंगेच्या घाटावर, रंकाळ्यावर बसलेली दिसतात.

आबालालांची गोष्ट आम्ही एवढ्यासाठी सांगितली, की आमच्या सगळ्या नियोजनाचं मूळ तिच्यात आहे. चित्र काढायला आलेल्या माणसाला दहा जागा बघायच्या नसतात. तिला एका जागी निवांत बसायचं असतं. देवदर्शनाची सहल आणि चित्रमुक्काम यांत हा फरक आहे. सहलीत 'आणखी काय दाखवू' असं बघायचं. मुक्कामात 'हिला कुणी उठवू नये' एवढं बघायचं. घरी या बाईला कोण बसू देतं? कुकरची शिट्टी, पोरांचा डबा, ऑफिसची गाडी, सासऱ्यांचं औषध. तिला आपल्याकडून हवा असतो सलग दोन तासांचा वेळ. बाकी सगळी व्यवस्था त्या दोन तासांसाठी करायची.

म्हणून आमचा पहिला नियम आहे, एक सकाळ, एक जागा. संध्याकाळी दुसरी जागा. दिवसाला दोनाच्या वर नाही.

दोन तास का, तेही सांगतो. ऊन सरकतं तशी सावली सरकते. सकाळी आठला भिंतीवर पडलेली सावली दहाला तिथं नसते. चित्र मात्र एकाच वेळेचं असतं. म्हणून आमचे सर पहिल्या दहा मिनिटांतच पेन्सिलीनं सावल्यांच्या जागा आखून घ्यायला सांगतात. दोन तासांनी उजेड बदलला, की हात थांबवायचा. आपण तेवढ्यात चहा घेऊन पोचायचं. दोन तासांच्या आत चहा न्यायचा नाही, हे आम्ही ठरवूनच टाकलंय. आपल्याला वाटतं, पाहुणीला सारखं विचारावं, "काय हवं का ताई?" ते माया म्हणून ठीक, पण तिथं त्यानं लक्ष मोडतं. पाण्याची बाटली आधीच शेजारी ठेवावी आणि लांब जाऊन बसावं.

आता किती जणी घ्यायच्या? सात किंवा आठ. शिकवणारा एक असतो. दोन तासांत त्यानं प्रत्येकीजवळ दोनदा जायचं म्हटलं, तर आठाच्या वर त्याला जमत नाही. शिवाय आठ जणी एका वडाखाली मावतात, एका जीपमध्ये बसतात आणि दोन घरांच्या माडीवर झोपू शकतात. नव्या गटानं पहिल्या वेळी पाचच घ्याव्यात आणि गावातच ठेवाव्यात.

जागा निवडताना आम्ही आधी एकदा स्वतः जाऊन येतो. साधारण आठवडाभर आधी, आणि त्याच वेळेला. सकाळी सातला बसवायचं असेल तर सकाळी सातलाच जायचं. दुपारी बघितलेली जागा सकाळी तशी नसते. तिथं बसून बघायचं ते असं. सावली दोन तास टिकते का? ऊन अंगावर नसलं तरी पांढऱ्या कागदावर पडलं, तर डोळे दिपतात आणि रंगही खरे दिसत नाहीत. बसायला सपाट आहे का? मुंग्यांचं वारूळ, गवतात विंचू-सापाची भीती आहे का? पायवाटेच्या मध्ये बसलो तर ऊस वाहणाऱ्या गाडीवानाची अडचण होणार का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, बायकांसाठी स्वच्छतागृह पाच मिनिटांच्या चालीवर आहे का? ते नसेल तर जागा कितीही देखणी असू दे, आम्ही ती सोडतो. स्वच्छतागृह नसलं की बाई पाणीच पीत नाही. तहानलेलं माणूस चित्रात रमत नाही.

गडावर आणखी एक बघायचं, ते म्हणजे आग्या मोहोळ. जुन्या बुरुजांना, कमानींना मोहोळ लटकलेलं असतं. तिथून लांब बसवायचं, अत्तर-सेंट लावू नका म्हणून आधीच सांगायचं आणि धूर करायचा नाही.

आमचे तीन दिवस कसे जातात ते ऐका. पहिल्या दिवशी दुपारी पाहुण्या कोल्हापूरच्या स्टेशनवर किंवा स्टँडवर उतरतात. जीप त्यांना घेऊन येते. जेवण, थोडी झोप. चार वाजता गावातच बसायचं. हिवाळ्यात गुऱ्हाळ चालू असतं, तिथं. काहिलीवरची वाफ, चुलवाणाचा जाळ, चिपाडाचा ढीग, ढेपा बांधणारे हात. शहरातल्या बाईला ते फार आवडतं. गुऱ्हाळाच्या मालकाला मात्र आधी विचारलेलं असतं आणि काहिलीपासून लांब एक दोरी बांधलेली असते. उकळत्या रसाशी खेळ नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर पन्हाळा. कोल्हापूरपासून हा गड साधारण २० किलोमीटर, आमच्या गावापासून तर जवळच. २०२५ साली युनेस्कोनं मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यात आपला पन्हाळा आहे. त्यामुळं सुट्टीच्या दिवशी गर्दी असते. आम्ही आडवारी जातो. तीन दरवाजा, अंबरखाना, सज्जा कोठी, अंधारबाव ही ठिकाणं सगळ्यांना ठाऊक आहेत. आम्ही त्यातलं एकच घेतो, बहुतेक वेळा तीन दरवाजा. तिथल्या दगडावरचं कोरीव काम सकाळच्या तिरक्या उजेडात उठून दिसतं. पाहुणी म्हणते, "बाकीचं नाही का दाखवणार?" आम्ही म्हणतो, "ताई, पन्हाळा कुठं जात नाही. पुढच्या वेळी अंबरखाना." गडावर रंगाचं पाणी दगडावर ओतायचं नाही, भिंतीला काही चिकटवायचं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

दुपारी सगळ्यांना सुट्टी. ऊन असतं, डोळे थकलेले असतात. झोपायचं त्यांनी झोपावं, गोठा बघायचा त्यांनी बघावा. संध्याकाळी शेताच्या बांधावर. तिसऱ्या दिवशी सकाळी कोल्हापुरात पंचगंगेच्या घाटावर. दीपमाळा, छोटी देवळं, पाण्यातली त्यांची सावली. तिथून जेवण करून थेट स्टेशन.

शिरोळकडच्या मैत्रिणी ऐकत असतील, तर त्यांच्याकडे याहून मोठं धन आहे. खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर. तिथल्या स्वर्गमंडपाला मधोमध छत नाही, गोल आभाळ दिसतं. त्यातून उन्हाचा गोल कवडसा खाली येतो आणि दिवसभर खांबांवरनं सरकत राहतो. दोन दिवस नुसतं त्या मंडपात बसलं तरी चित्रं संपायची नाहीत. पण आम्ही पन्हाळ्याहून पाहुण्यांना खिद्रापूरला नेत नाही. जाता-येता चार-साडेचार तास गाडीत जातात. ज्यांचं गाव तिथं आहे, त्यांनी तिथला मुक्काम करावा.

ऋतूचं म्हणाल, तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात आपला भाग हिरवागार असतो हे खरं, पण पन्हाळ्यावर धुकं इतकं येतं की समोरची कमान दिसत नाही. दमट हवेत जलरंग वाळतच नाहीत. एक रंग ओला असताना दुसरा लावला की सगळा गढूळ होतो. एप्रिल-मेमध्ये उलटं. रंग ब्रशवरच सुकतो आणि माणूसही सुकतं. यात्रा, जत्रा, गावची माही या तारखा टाळाव्यात. तेव्हा घरातच पाहुणे असतात आणि आपलेच हात मोकळे नसतात.

अवेळी पाऊस आला तर? त्यासाठी आमची दुसरी योजना तयार असते. कोल्हापुरात टाऊन हॉलच्या संग्रहालयात जुन्या चित्रकारांची चित्रं आहेत. राजारामपुरीत चंद्रकांत मांढरे कलासंग्रहालय आहे. त्यांचा सिनेमा आपल्या आई-मावश्यांनी पाहिलेला असतो, पण त्यांची निसर्गचित्रं पाहिलेली नसतात. वार आणि वेळ आधी फोनवर विचारून ठेवावी. तेही जमलं नाही तर ओसरीवर दोन तांब्याचे हंडे, एक मुसळ, चार वांगी मांडावीत. वस्तूंचं चित्रही चित्रच असतं.

सामानाचं बघू. रंगपेटी, ब्रश, कागद पाहुण्यांनी आणायचं असं आम्ही कळवतो, पण आमच्याकडं राखीव ठेवतो. कागद ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड. पातळ कागद पाण्यानं फुगतो. आकार वहीच्या पानाएवढा पुरे. मोठ्या कागदाला नवखं माणूस भितं. गावच्या सुताराकडून हार्डबोर्डचे तुकडे कापून घेतलेत, त्यावर कागद चिकटपट्टीनं लावायचा. प्रत्येकीला दोन मग, एक ब्रश धुवायला आणि एक स्वच्छ पाण्याचा. जुन्या सुती साडीचे तुकडे ब्रश पुसायला. बसायला घडीचं स्टूल, आणि खाली बसणाऱ्यांना गोधडीची घडी. एक रिकामी बादली नेहमी बरोबर. रंगाचं घाण पाणी त्यातच ओतायचं, कारण काही रंगांत विषारी घटक असतात. विहिरीत, नदीत, गुरांच्या हौदात एक थेंब जाता कामा नये.

जेवणाचं तर तुम्हाला शिकवायला नको. तरी एक गोष्ट सांगतो. तांबडा-पांढरा रस्सा दुपारी करू नका. मटण-भाकरी पोटभर झाली, की संध्याकाळी चारला कुणी उठत नाही. दुपारी झुणका, भाकरी, ठेचा, काकडी, ताक. रस्सा रात्री. ठेचा वेगळ्या वाटीत, म्हणजे ज्याच्या त्याच्या जिभेवर. कोण शाकाहारी, कुणाला साखर आहे, कुणाला शेंगदाणा चालत नाही, हे पैसे घेतानाच विचारून वहीत लिहावं.

आता शिकवणारा. गावच्या हायस्कूलचे चित्रकलेचे सर, निवृत्त बाई, किंवा कॉलेजात चित्रकला शिकलेली आपलीच एखादी लेक, कुणीही चालेल. हात चांगला हवाच, पण स्वभाव त्याहून महत्त्वाचा. आम्ही सरांशी दोन गोष्टी आधीच बोलून घेतल्या. एक, पाहुणीच्या चित्रावर स्वतःचा ब्रश चालवायचा नाही. सरांनी दोन फटकारे मारले की चित्र सुंदर होतं, पण ते सरांचं होतं. तिला घरी नेताना मनात ठाऊक असतं. दाखवायचं तर सरांनी वेगळ्या कागदावर दाखवावं. दुसरं, पहिलं बोलणं 'काय चुकलं' असं नको.

येणाऱ्यांपैकी निम्म्या जणी पहिल्याच दिवशी म्हणतात, "मला काही येत नाही हो, शाळेत असताना एलिमेंटरीला बसले होते तेवढंच." त्यांना आम्ही आमच्या उंबऱ्यापाशी नेतो. सकाळी आपली मालूताई किंवा रखमामावशी म्हणा, कुणीही असो, चिमटीत रांगोळी घेऊन मोजमाप न करता सरळ रेघ ओढते. ते पाहिलं की भीती जरा उतरते. मग पहिल्या संध्याकाळी कुणी रंग लावत नाही. नुसत्या पेन्सिलीनं दहा छोटी चौकटीतली चित्रं, प्रत्येकाला पाच मिनिटं. एवढं झालं की हात सैल होतो.

रात्री जेवणाआधी सगळी चित्रं ओसरीच्या भिंतीला ओळीनं लावायची. नावं लिहायची नाहीत. प्रत्येकीनं दुसरीच्या चित्रातली आपल्याला आवडलेली एक जागा बोटानं दाखवायची. 'छान आहे' एवढं म्हणून चालणार नाही, जागा दाखवायची. यात गटातल्या बायकाही असतात. एकदा एका पाहुणीनं ऊस काढला होता. आमच्यातली एक म्हणाली, "ताई, ही पानं वाळलेली दिसताहेत, तोडणीला आलेला ऊस आहे हा." त्या बाईनं रंग नुसता डोळ्यांना दिसला तसा लावला होता. कशाचा रंग होता ते तिला तेव्हा कळलं. असं बोलणं सगळ्यांना आवडतं.

गावातल्या माणसांची चित्रं काढायची असतील तर आधी विचारायचं. धुणं धुणारी, शेण सारवणारी बाई म्हणजे काही मांडून ठेवलेली वस्तू नव्हे. ती 'नको' म्हणाली तर नको. ती तासभर बसायला तयार झाली, तर तिच्या तासाचे पैसे द्यायचे. हे आम्ही पाहुण्यांना पहिल्या दिवशी चहाच्या वेळीच सांगतो. कुणी वाईट वाटून घेत नाही, उलट बरं वाटतं त्यांना.

आता हिशेब. लिहून घ्या. आकडे आमच्याकडचे आहेत, तुमच्याकडं कमी-जास्त होतील.

आठ पाहुण्या, प्रत्येकी ५,५०० रुपये, म्हणजे ४४,००० जमा. खर्च असा. सरांचं मानधन रोज २,००० प्रमाणे ६,०००. जीप तीन दिवसांची ६,०००. जेवण-चहा, आठ पाहुण्या आणि सर मिळून नऊ माणसं, माणशी रोज ४०० प्रमाणे तीन दिवसांचे १०,८००. राहायच्या चार खोल्या, खोलीला रात्रीचे ६०० प्रमाणे दोन रात्रींचे ४,८००, ते ज्यांची घरं त्यांना. कागद, बोर्ड वगैरे माणशी ३५० प्रमाणे २,८००. अडीअडचणीला १,६००. झाले ३२,०००. उरले १२,०००.

हे १२,००० नफा नव्हेत, बायांनो. यातनं आधी राबणाऱ्या चौघींची मजुरी. चौघी, तीन दिवस, रोज ५०० प्रमाणे ६,०००. ती वजा केल्यावर जे ६,००० उरतात, ते गटाचे. आपण बायका नेहमी काय करतो, आपली मजुरी धरतच नाही. "घरचंच तर काम, चार भाकऱ्या जास्त थापायच्या." मग वर्षाच्या शेवटी गट नफ्यात दिसतो आणि बाई मात्र थकलेली. पहाटे चारला उठणं कागदावर लिहिलं नाही, तर त्याची किंमत शून्य होते.

पाचच पाहुण्या आल्या तर? २७,५०० जमा होतात आणि सगळं तसंच ठेवलं तर ३२,१५० खर्च होतात, मजुरी धरून. म्हणजे ४,६५० खिशातले. म्हणून आम्ही सुरुवातीलाच कळवतो, सात जणी झाल्या तर गड आणि घाट, पाच-सहा झाल्या तर मुक्काम गावातच, येणं-जाणं एसटीनं. जीपचे ६,००० वाचले की पाच जणींतही मजुरी निघून थोडं उरतं. गावात बसून चित्रं कमी होत नाहीत. आबालालांना एक तळं पुरलं होतं.

या हिशेबावरून आमच्या गटात एकदा मोठा वाद झाला, तोही सांगायला हवा. शहरातली एक सहल कंपनी आली. म्हणाली, "दर रविवारी ३५ माणसं आणतो. सकाळी गड, मग तुमच्याकडं जेवण, तासभर चित्रं, मग जोतिबा, मग रंकाळा. माणशी ३०० देऊ." म्हणजे दर रविवारी १०,५०० रोख. आमच्यातल्या दोघी-तिघींना ते फार पटलं. एकीच्या मुलीची फी भरायची होती, दुसरीच्या नवऱ्याचं दुखणं होतं. त्यांचं म्हणणं साधं होतं. हातचं का सोडायचं? आणि ते चूक नव्हतं.

मीटिंगमध्ये आम्ही दोन्ही हिशेब पाटीवर मांडले. ३५ माणसांच्या जेवणाला ४,५००, मांडव-खुर्च्या-भांडी १,५००, म्हणजे १०,५०० तले ४,५०० उरणार. राबायला दहाच्या दहा जणी लागणार. एकीला दिवसाचे ४५०, गटाला शून्य. चित्रमुक्कामात १२,००० उरतात, चौघी तीन दिवस म्हणजे बारा दिवसांचं काम. दिवसाला १,००० पडतात, त्यातले ५०० तिच्या हातात आणि ५०० गटात. पण मुक्काम महिन्यातनं दोनदाच होतो, रविवार चार असतात, हेही कुणीतरी बोललं. ते खरंच आहे. म्हणून नुसतं 'नको' म्हणून आम्ही उठलो नाही. जिला लगेच गरज होती, तिला गटातून कर्ज दिलं आणि त्या हिवाळ्यातल्या मुक्कामांच्या मजुरीत पहिला नंबर तिचा लावला. मग कंपनीला नकार कळवला. दुसरी एखादी वस्ती ते काम घेईल आणि तिला ते परवडेलही. पण ३५ माणसं तासाभरात चित्रं काढत नाहीत, फोटो काढतात. आमच्याकडं परत परत येणाऱ्या पाहुण्या ज्या कारणासाठी येतात, ते कारणच त्यात उरलं नसतं.

हे काही आपल्याच गावचं नवल नाही. फ्रान्समध्ये पॅरिसजवळ बार्बिझाँ नावाचं खेडं आहे. जवळजवळ २०० वर्षांपूर्वी तिथं गान नावाच्या नवरा-बायकोची साधी खाणावळ होती. रानात बसून चित्रं काढायला आलेले चित्रकार तिथं उतरायचे, जेवायचे, पावसात अडकले की तिथल्या कपाटांवर आणि भिंतींवरच चित्रं काढायचे. आज त्या खाणावळीचं संग्रहालय झालंय आणि लोक लांबून ते बघायला जातात.

सरकारी कामाचं थोडक्यात. ग्रामपंचायतीला आधी लेखी कळवावं. राहणाऱ्यांची नावं, ओळखपत्राची प्रत वहीत ठेवावी. जेवण विकतो म्हणून अन्न परवान्याची नोंदणी करावी, लहान व्यवसायाला ती सोपी असते. घरी पाहुणे ठेवण्यासाठी पर्यटन खात्याची न्याहारी व निवास योजना आहे. २०२० सालचं कृषी पर्यटन धोरण आहे आणि २०२३ सालचं 'आई' हे महिलांसाठीचं पर्यटन धोरण आहे. यातलं आपल्या गटाला काय लागू होतं, ते उमेदच्या ताईंना किंवा पर्यटन कार्यालयात समक्ष विचारावं. जवळचं आरोग्य केंद्र कुठं, १०८ ची गाडी कुठून येते, हे पाहुण्या यायच्या आधी माहीत असावं. प्रथमोपचाराची पेटी जीपमध्ये असावी.

आणि शेवटचं. सुरुवात पाहुण्यांपासून करू नका. पहिला चित्रमुक्काम एक दिवसाचा करा, आणि तो तुमच्या गटातल्या बायकांसाठी करा. स्वयंपाक त्या दिवशी घरातल्या बाकीच्यांनी करावा, किंवा आदल्या रात्रीच्या भाकऱ्या न्याव्यात. सरांना बोलवा, जाड कागद आणा, ठरवलेल्या जागी ठरवलेल्या वेळेला दोन तास बसा. सावली पुरते का, स्टूल टोचतं का, चहा कधी हवासा वाटतो, मुंग्या येतात का, हे सगळं त्या दोन तासांत कळेल. पाहुणीला काय हवं असतं तेही कळेल, कारण ते आपल्यालाही कधी मिळालेलं नसतं.

आमच्याकडं आता नियम आहे. प्रत्येक मुक्कामात आठ पाहुण्यांच्या शेजारी नववा बोर्ड गटातल्या एकीचा. त्या दिवशी तिला स्वयंपाकाची पाळी नाही. पाळीपाळीनं सगळ्या बसल्यात. आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या आक्कांनी आधी ठाम नकार दिला होता, "हे वय आहे का माझं?" म्हणून. मग बसल्या. दोन तास मान वर केली नाही. आपल्याच परसातला शेवगा काढला. ते चित्र आता त्यांच्या देवघराच्या भिंतीवर आहे आणि पुढची पाळी कधी, म्हणून त्या मीटिंगला विचारतात.

तर या महिन्याच्या मीटिंगला एवढंच करा. गावातल्या तीन जागा ठरवा. दोघी-दोघींनी सकाळी सातला आणि संध्याकाळी चारला जाऊन बसून या. काय दिसलं ते पुढच्या मीटिंगला सांगा. मग पुढचं बोलू.